औषध लघवीत उतरतं, मग लागू का पडत नाही?

मे महिन्यात जालन्यात ज्याला त्याला उन्हाळी लागते. लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा जावंसं वाटणं आणि जाऊन चारच थेंब. घरात धने-जिरे भिजत पडतात, सब्जा येतो, कुणी खाण्याचा सोडा घेतो. माणसाला निदान सांगता तरी येतं. मुक्या जनावराचं दुखणं कळतं ते फरशीवरून.

जुन्या जालन्यात आमच्या गल्लीत एका घरी काळी नावाची सहा वर्षांची गावठी कुत्री आहे. एका उन्हाळ्यात ती दर दहा मिनिटांनी दाराशी जाऊन उभी राहायला लागली. दार उघडलं की अंगणात बसायची, बराच वेळ तशीच बसून राहायची आणि उठली की फरशीवर रुपयाएवढा ओला डाग दिसायचा. तिसऱ्या दिवशी त्या डागाला गुलाबी झाक आली. घरच्या काकूंनी मुलाच्या जुलाबाच्या वेळची उरलेली सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी अर्धी करून दुधात कुस्करून दिली. एक दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरांकडे नेलं, लघवी तपासली, जंतूंची वाढ करून पाहायला नमुना पाठवला. तीन दिवसांनी कागद आला. जंतू ई. कोलाय. खाली औषधांची लांब यादी, प्रत्येकापुढे ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे स्वच्छ ‘चालेल’.

“डॉक्टर, मी हेच तर दिलं होतं,” काकू म्हणाल्या. “कागदावर चालतंय, मग काळीला का चालेना?”

डॉक्टरांनी आधीच्या तपासणीचा कागद पुढे ओढला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. ५.५. हा लघवीचा सामू. काकूंच्या प्रश्नाचं सगळं उत्तर त्या आकड्यात नव्हतं, पण उत्तराची सुरुवात तिथूनच होते. त्या आकड्याकडे सहसा कुणी पाहत नाही, म्हणूनच हा लेख.

मोसंबीच्या बागेतला सामू

सामू हा शब्द आपल्याकडे शेतकऱ्याला नवा नाही. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातून माती परीक्षणाचा कागद आला की सामूचा आकडा आधी पाहिला जातो. सामू म्हणजे एखादी गोष्ट किती आम्ल आणि किती अल्कधर्मी, हे मोजायची पट्टी. मधला आकडा ७. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. लिंबाचा रस २ ते ३ च्या आसपास, खाण्याच्या सोड्याचं पाणी ८ च्या वर. या पट्टीची एक खोड लक्षात ठेवायला हवी: तिची प्रत्येक पायरी दहा पटींची असते. सामू ७ वरून ६ वर आला तर आम्लता दहापट झाली, ५ वर आला तर शंभरपट. त्यामुळे ५.५ आणि ७.५ हे आकडे कागदावर जवळचे दिसले तरी त्यांच्यात शंभर पटींचं अंतर आहे.

आता मोसंबीची बाग आठवा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि ती पिकवणाऱ्यांची एक नेहमीची तक्रारही आहे: नवी पालवी पिवळी पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. झाडाला लोह कमी पडल्याची ही खूण. माती तपासली तर लोह असतं. पण जमीन चुनखडीची, सामू आठच्या पुढे. अशा मातीत लोह न विरघळणाऱ्या रूपात जातं आणि मुळांना ते उचलता येत नाही. वरून हिराकस टाकला तरी तोही थोड्या दिवसांत त्याच रूपात अडकतो. म्हणून जाणकार चिलेटेड लोह देतात किंवा पानांवर फवारतात. लोह जमिनीत असणं वेगळं आणि झाडाला मिळणं वेगळं.

लघवीतल्या अँटिबायोटिकचं असंच आहे. गोळी पोटात जाते, रक्तात उतरते, मूत्रपिंडं ती गाळून मूत्राशयात सोडतात. औषध जंतूंच्या भोवती पोचतं. पण तिथल्या सामूवर ते कुठल्या रूपात असेल हे ठरतं, आणि त्या रूपावर ते जंतूच्या आत किती शिरेल हे ठरतं.

लघवी आंबट होते कशाने

कुत्र्या-मांजरांची लघवी साधारण ६ ते ७ च्या दरम्यान असते. ५.५ किंवा ७.५ दिसलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. ती खाण्यावर हलते. मांस, अंडी, मासे यांतल्या प्रथिनांत गंधक असतं. ते शरीरात जळलं की शेवटी गंधकाम्ल तयार होतं आणि मूत्रपिंडांना ते बाहेर टाकावं लागतं. म्हणून मटणाच्या दुकानामागे पोसलेल्या कुत्र्याची लघवी आम्लाकडे झुकते. भाकरी, वरण, भोपळा असं खाणाऱ्याची तेवढी झुकत नाही, कधी अल्काकडेही जाते. गाय, बैल, शेळी यांची लघवी तर मुळातच अल्कधर्मी, आठच्या आसपास.

इथे मोसंबी पुन्हा एक कोडं घालते. मोसंबी-लिंबाचा रस आम्ल, तरी तो प्यायला की लघवी कमी आम्ल होते. कारण फळांतलं सायट्रेट यकृतात जळून जातं आणि मागे बायकार्बोनेट उरतं, म्हणजे जवळपास खाण्याचा सोडाच. त्यामुळे जिभेच्या चवीवरून लघवीचा अंदाज बांधता येत नाही.

वेळेनेही फरक पडतो. जेवणानंतर पोटात आम्ल सुटतं, ते बनवताना रक्तात अल्क शिल्लक राहतं, आणि पुढचे काही तास लघवी अल्काकडे सरकते. सकाळी उपाशीपोटी घेतलेला नमुना आणि दुपारी जेवणानंतर घेतलेला नमुना एकाच कुत्र्याचे असूनही वेगळा आकडा सांगू शकतात.

तिखट तेलात उतरतं, मीठ नाही

जंतूच्या अंगाभोवती पापुद्रा असतो आणि तो मुख्यतः तेलकट पदार्थाचा असतो. त्यातून काय आत जाईल याचा नियम आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतो. कढईतल्या गरम तेलात तिखट टाका, तेल लाल होतं. मीठ टाका, ते तळाशी बसून राहतं. मिठाच्या कणांवर विद्युतभार असतो आणि भार असलेली गोष्ट तेलात शिरत नाही. तिखटाच्या रंगावर तसा भार नसतो.

बऱ्याच औषधांचा गुण असा, की ती परिस्थितीप्रमाणे दोन्ही सोंगं घेतात. भोवती आम्ल जास्त असेल तर औषध हायड्रोजनचा एक धनभारित कण अंगावर घेतं किंवा असलेला सोडत नाही. काही औषधं अशाने मिठासारखी होतात आणि बाहेर अडकतात. काही औषधं मात्र उलट अशाने भारमुक्त होतात आणि तिखटाच्या रंगासारखी सहज आत उतरतात. आम्लता तीच, परिणाम उलटा.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि जनावरांत जास्त वापरलं जाणारं त्याचं भावंड एनरोफ्लॉक्सासिन ही पहिल्या गटातली. साध्या सामूला ती ठीक आत जातात. आम्ल लघवीत त्यांच्यावर जादा धनभार चढतो आणि आत जाणारी मात्रा घटते. तेच जंतू मारायला मग कित्येक पट जास्त औषध लागतं. त्यात लघवीत मॅग्नेशियम असतं, तेही या औषधाला चिकटून त्याची ताकद कमी करतं. दुधातलं कॅल्शियम तर त्याला पोटातच धरून ठेवतं, रक्तात नीट येऊ देत नाही. काळीची गोळी दुधातून गेली होती. शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिन हे माणसाचं औषध कुत्र्याच्या आतड्यातून कधी बरं, कधी अगदी थोडं शोषलं जातं. म्हणजे दुधात अडकलं, आतड्यात अडकलं, आणि जे लघवीत पोचलं ते आम्लात अडकलं. मात्राही अंदाजाने दिलेली. यांतलं नेमकं कशाने किती बिघडलं हे एका कुत्रीवरून सांगता येणार नाही, आणि तसं सांगणंही बरोबर नाही.

व्होल्टेज पडलं की मोटर उचलत नाही

जेन्टामायसिन आणि अमिकासिन ही इंजेक्शनं वेगळ्या वाटेने आत जातात. त्यांच्यावर कुठल्याही सामूला भरपूर धनभार असतो, तेव्हा तिखट-मिठाचा हिशोब त्यांना पुरत नाही. त्यांना जंतूच आत ओढून घेतो.

जंतू जगण्यासाठी सतत हायड्रोजनचे धनकण बाहेर फेकत असतो. त्यामुळे पापुद्र्याच्या आत ऋण, बाहेर धन असा खराखुरा विद्युतदाब तयार होतो. आपल्या विहिरीवरच्या मोटरीला लागतो तसाच दाब, फक्त फार सूक्ष्म प्रमाणात. धनभारित जेन्टामायसिन या ऋण ओढीने आत खेचलं जातं. आता बाहेर आम्ल लघवी असली, म्हणजे धनकणांची आधीच गर्दी असली, की जंतूला आतली साम्यावस्था सांभाळायला वेगळी जुळवाजुळव करावी लागते आणि हा विद्युतदाब घटतो. लाईट असते, मोटर घुरघुरते, पण कमी दाबाने पाणी वर चढत नाही हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. औषध भोवती असतं आणि ओढ नसते. अल्कधर्मी लघवीत हीच इंजेक्शनं जोमाने काम करतात.

ही गोष्ट नवी नाही. १९४६ साली ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि ड्युथी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं होतं की स्ट्रेप्टोमायसिनचा प्रभाव माध्यमाच्या सामूबरोबर बदलतो. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतंच हाती आलं होतं.

आम्लात खुलणारी औषधं

अँटिबायोटिक येण्याआधीच्या डॉक्टरांना लघवीच्या सामूची आपल्यापेक्षा जास्त जाण होती, कारण त्यांच्या हातात दुसरं काही फारसं नव्हतं. १८९० च्या दशकात जर्मन वैद्य आर्थर निकोलायर यांनी मिथेनामाइन वापरात आणलं. हा पदार्थ स्वतः निरुपद्रवी आहे. आम्ल लघवीत मात्र तो फुटतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतं. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्या फॉर्मलिनमध्ये ठेवलेला असतो, त्यातला हाच पदार्थ. तो जंतूंना मारतो. सामू सहाच्या वर गेला की मिथेनामाइन जसंच्या तसं बाहेर पडतं, उपयोग शून्य. १९३५ साली लंडनचे मॅक्स रोझेनहाइम यांनी मँडेलिक आम्लाने मूत्रमार्गाचे संसर्ग बरे करून दाखवले. त्यासाठी रुग्णाला सोबत अमोनियम क्लोराइड देऊन लघवी मुद्दाम आम्ल करावी लागे. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर.

नायट्रोफ्युरँटोइन आजही माणसांत आणि काही वेळा कुत्र्यांतही वापरतात. आम्ल लघवीत ते भारमुक्त असतं आणि जंतूत चांगलं शिरतं. टेट्रासायक्लिनच्या कुळालाही आम्ल बाजू मानवते.

या सगळ्यांपासून थोडं अलिप्त राहतं ते पेनिसिलिनचं घराणं, म्हणजे अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन. ती जंतूच्या भिंतीचं बांधकाम रोखतात, आणि ते काम आतल्या पापुद्र्याच्या बाहेरच चालतं. खोल आत जायची गरजच नसल्याने लघवी थोडी आम्ल असो की नसो, त्यांचं फार अडत नाही. काळीला डॉक्टरांनी पुढे अमॉक्सिसिलिनच दिलं. कागदावर तेही ‘चालेल’ होतं आणि लघवीत ते भरपूर साठतं.

चौकट : कुठलं औषध, कुठल्या लघवीत

आम्ल लघवीत मंदावतात: जेन्टामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, एनरोफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन.
आम्ल लघवीत जोर धरतात: नायट्रोफ्युरँटोइन, टेट्रासायक्लिन कुळातली औषधं; मिथेनामाइन तर सामू सहाच्या खाली असेल तरच.
फारसा फरक पडत नाही: अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन.
सल्फा औषधं: आम्ल आणि दाट लघवीत त्यांचे खडे बनू शकतात, म्हणून जनावराला भरपूर पाणी हवं.

जंतूच सामू बदलतात तेव्हा

आतापर्यंत सामू हे खाण्यापिण्याचं फळ म्हणून पाहिलं. पण काही जंतू मूत्राशयात येऊन स्वतःच्या सोयीचा सामू तयार करतात. प्रोटियस आणि कुत्र्यांच्या कातडीवरचे काही स्टॅफिलोकोकस यांच्याकडे युरिएज नावाचं विकर असतं. ते लघवीतला युरिया फोडून अमोनिया बनवतं. लघवीतला युरिया आणि खताच्या गोणीतला युरिया हा तंतोतंत एकच पदार्थ. पहाटे बंद गोठ्यात शिरल्यावर डोळे चुरचुरवणारा जो उग्र वास येतो, तोही जंतूंनी युरिया फोडल्याचाच. हेच मूत्राशयात घडलं की लघवीचा सामू आठ किंवा त्याहूनही वर चढतो.

म्हणून सामूचा आकडा जंतूबद्दल अंदाज देतो. लघवीत पू आणि जंतू आहेत आणि सामू ५.५ ते ६.५ आहे, तर ई. कोलायसारखा युरिया न फोडणारा जंतू असण्याची शक्यता जास्त. कुत्र्यांत सगळ्यांत जास्त वेळा तोच सापडतो. सामू आठच्या वर असेल तर प्रोटियस किंवा स्टॅफिलोकोकसचा संशय घ्यायचा आणि सोबत मुतखडा शोधायचा. अल्कधर्मी लघवीत मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन स्ट्रुव्हाइट नावाचा खडा तयार होतो. बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो तसा तो थरावर थर चढत वाढतो आणि वाढताना जंतूंना पोटात घेतो. बाहेरचे जंतू औषधाने मरतात, खड्यातले सुरक्षित राहतात. औषध थांबलं की दुखणं परत. कुत्रीला वर्षात तिसऱ्यांदा तेच झालं आणि प्रत्येक वेळी फक्त औषध बदललं गेलं, एक्स-रे किंवा सोनोग्राफी कधी झालीच नाही, असं घडत असेल तर मालकाने तो विषय स्वतः काढावा. कुत्र्यांतला स्ट्रुव्हाइट विशेष आहार आणि योग्य अँटिबायोटिक यांनी अनेकदा विरघळतो.

गोठ्यातही मुतखडा होतो, पण बहुधा जंतूंशिवाय. लहानपणीच खच्ची केलेल्या बोकडाचा आणि बैलाचा मूत्रमार्ग अरुंद राहतो. त्याला एस अक्षरासारखं वळण असतं आणि खडा तिथे अडकतो. दुष्काळात पाणी तोकडं पडलं, किंवा बोकडाला वजनासाठी धान्य-पेंड जास्त घातली, की हा धोका वाढतो. पशुवैद्य अशा जनावराची लघवी आम्लाकडे नेण्यासाठी मोजून नवसागर देतात. मोजून हा शब्द महत्त्वाचा.

काचेच्या ताटलीतला सामू

काकूंच्या कागदावर ‘चालेल’ हे लिहिलं कसं गेलं, ते पाहू. जंतू एका पोषक जेलीवर पसरतात, वर औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न उगवलेलं वर्तुळ किती मोठं आहे ते मोजतात. या जेलीचा सामू जगभर ७.२ ते ७.४ ठेवतात, म्हणजे रक्ताच्या आसपास. सगळीकडचे निकाल एकमेकांशी ताडता यावेत म्हणून ते आवश्यकच आहे. पण काळीचं मूत्राशय ५.५ वर होतं. ताटलीत औषधाची परीक्षा तटस्थ मैदानावर झाली आणि खरी लढत आम्लात होती. प्रयोगशाळेची यात काही चूक नाही. तिने तिच्या मैदानावरचं उत्तर दिलं, ते वाचताना दुसरं मैदान डोळ्यांसमोर ठेवणं हे आपलं काम.

मग सामूमुळे सगळीच औषधं रोज फसायला हवीत. तशी ती फसत नाहीत, आणि त्याचं कारण मूत्रपिंडांत आहे. ती औषधाला नुसती गाळत नाहीत, पाणी परत ओढून दाटही करतात. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिस शिपायाला पेनिसिलिन देण्यात आलं. साठा एवढासा होता की त्याच्याच लघवीतून पेनिसिलिन परत काढून पुन्हा टोचलं गेलं. शेवटी साठा संपला आणि तो वाचला नाही. पण औषध लघवीत किती साठतं हे त्या प्रसंगातून लक्षात येतं. कित्येक अँटिबायोटिकं लघवीत रक्तापेक्षा अनेक पटींनी दाट असतात. आम्लामुळे औषधाची गरज दहापट वाढली आणि लघवीत ते पन्नासपट आहे, तर जंतू तरी मरणारच.

म्हणून माझं मत असं की साध्या, पहिल्यांदाच झालेल्या संसर्गात सामूवरून औषध ठरवत बसू नये. जिथे औषधाची आघाडी मुळातच थोडी आहे, तिथे मात्र सामू निकाल फिरवू शकतो. मूत्रपिंडं थकलेलं म्हातारं जनावर पातळ लघवी करतं, औषध तिथे दाट होत नाही. खड्यात किंवा मूत्राशयाच्या अस्तरावर चिकट थर करून बसलेले जंतू असतात. काही औषधांपुढे ‘चालेल’ हे कसंबसं, काठावर असतं. आणि दुखणं परत परत येणारं असतं. अशा वेळी डॉक्टरने सामू पाहून दोन चालणाऱ्या औषधांतलं एक निवडणं यात शहाणपण आहे.

पाळीव प्राण्यांच्या संसर्गरोगांवर काम करणाऱ्या ‘आयएससीएआयडी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनातही साध्या संसर्गाला आधी अमॉक्सिसिलिन किंवा ट्रायमिथोप्रिम-सल्फा सुचवलं आहे, तेही तीन ते पाच दिवसच. एनरोफ्लॉक्सासिनसारखी औषधं राखून ठेवायची आहेत. कसलाही त्रास नसलेल्या कुत्रीच्या लघवीत केवळ जंतू सापडले, तर सहसा औषध द्यायचंच नाही.

सोडा, लिंबू, नवसागर

एवढं वाचल्यावर कुणाच्याही मनात येईल की सामूच बदलून टाकू. औषधाला अल्क हवं तर सोडा, आम्ल हवं तर नवसागर किंवा व्हिटॅमिन सी. मी कळकळीने सांगतो, घरी हे करू नका. सोड्यातलं सोडियम हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रोग्याला भारी पडतं. प्रोटियस मूत्राशयात असेल तर सोड्याने आपण खड्यालाच मदत करतो. नवसागराची मात्रा चुकली तर लघवीच काय, रक्तही आम्ल होतं. मांजरांच्या बाबतीत तर हा धडा जगाने घेतलेला आहे. १९८० च्या दशकापासून स्ट्रुव्हाइट टाळण्यासाठी त्यांची तयार खाद्यं आम्लाकडे झुकवली गेली. स्ट्रुव्हाइट कमी झाले आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वाढले. ते तर औषधाने किंवा आहाराने विरघळत नाहीत, बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते.

घरी करण्यासारखं एकच काम आहे आणि ते निर्धोक आहे: पाणी. सावलीत दोन-तीन ठिकाणी भांडी, दिवसातून दोनदा बदललेलं पाणी, भाकरी कुस्करताना त्यात जास्तीचं पाणी किंवा बिनमिठाची पेज. आणि बाहेर जायची संधी वारंवार. जंतू धुऊन निघायला लघवी साठून चालत नाही.

मांजराचं वेगळं

मांजर असेल तर आधी जंतूंचा विचारच बाजूला ठेवा. तरुण मांजराला असाच त्रास होतो तेव्हा बहुतेक वेळा लघवीत जंतू नसतातच. ताणाने, कमी पाण्याने मूत्राशय सुजतं. वय झालेल्या मांजरांत संसर्गाचं प्रमाण वाढतं. आणि बोका वारंवार जोर करतोय, लघवी अजिबात येत नाही, ओरडतोय, तर सामू, औषध, नमुना यातलं काहीही न बघता त्याला लगेच दवाखान्यात न्या. मार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. त्याला दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल दिलं तर त्यानेच तो मरेल.

पळी, डबी आणि बर्फ

सामूचा आकडा खरा हवा असेल तर नमुना ताजा हवा. लघवी उघडी राहिली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सामू चढतो. उन्हाळ्यात तर जंतू अनुकूल वेळी वीस-वीस मिनिटांनी दुप्पट होतात. चार तासांत एकाचे चार हजार. सकाळी सहाला घेतलेली लघवी स्कूटरच्या डिकीत ठेवून दहाला दवाखान्यात दिली, तर कागदावर उमटतो तो डिकीतला सामू. डबीला साबण राहिला असेल तरीही आकडा चुकतो. साबण अल्कधर्मी असतो. शर्टावरचा हळदीचा डाग धुताना लाल होतो तो त्यामुळेच, आणि तपासणीच्या पट्टीवरचा चौकोनही याच तत्त्वाने नारिंगीपासून हिरव्या-निळ्यापर्यंत रंग बदलतो. नमुना अर्ध्या तासात पट्टीवर जावा. जंतू वाढवून पाहायचे असतील तर तो थंड ठेवावा. त्या तपासणीसाठी सगळ्यात खात्रीचा नमुना डॉक्टर पोटावरून बारीक सुईने मूत्राशयातून घेतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण सवयीच्या हातात ते इंजेक्शनाएवढंच असतं. अवघड प्रकरण असेल आणि जवळ सोय नसेल तर परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय आपल्याला रेल्वेने जवळ आहे.

अमॉक्सिसिलिनच्या दुसऱ्या दिवशी काळी रात्रभर झोपली. औषध पाच दिवसांनी थांबलं. त्यानंतरच्या आठवड्यात, डॉक्टरांनी मागितलं नसतानाही, काकूंनी पहाटे लांब दांड्याची आमटीची पळी उकळत्या पाण्यातून काढून कोरडी केली. काळी अंगणात बसली तशी मागून हळूच पळी सरकवली, मधली धार धरली, स्वच्छ डबीत ओतली आणि डबी बर्फाच्या पिशवीत ठेवून दवाखाना उघडायच्या आधी दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पट्टीवरचा चौकोन पोपटी झाला. साडेसहा.